लुपेने पुन्हा विचारलं नाही

निघायच्या दिवशी आई सकाळपासून सगळ्यांना सांगत होती की ती विमानतळावर येणार नाही. गाडीत जागा कुठे आहे, उगाच गर्दी कशाला, मी आपली दारातूनच निरोप देते. शेजारची फिलूमावशी म्हणाली, चल गं. आई म्हणाली, नको. माझा नवरा नेल्सन म्हणाला, चला ना आई. ती म्हणाली, नको रे बाबा. शेवटी मी बॅग खाली ठेवली आणि म्हणाले, तू आली नाहीस तर मीपण जात नाही. तेव्हा कुठे ती 'काय बाई हट्ट' असं पुटपुटत गाडीत बसली. ठेवणीतली साडी नेसून, पदराला पिन लावून, पर्समध्ये पाण्याची बाटली टाकून ती पहाटेपासून तयार होती.

तुम्ही जे वसईत आहात ते याला हसणार नाही, कारण तुम्ही सगळे असेच आहात. आपल्या आळीत कुणाकडे गेलं आणि चहा विचारला की पहिल्यांदा 'नको' म्हणायचं, दुसऱ्यांदा 'आत्ताच घेऊन निघाले' म्हणायचं, आणि तिसऱ्यांदा 'बरं, अर्धाच कप'. अर्धा म्हटला तरी कप भरलेलाच येतो. पहिल्याच विचारण्याला हो म्हणणारा हावरट आणि एकदाच विचारून गप्प बसणारा कोरडा, अशी सरळ वाटणी होती. लहानपणी एका बाप्तिस्म्याच्या जेवणात मी पहिल्याच खेपेला दुसरा वडा उचलला, म्हणून घरी येईपर्यंत आई माझ्याशी बोलली नाही. 'आपल्या घरी खायला मिळत नाही असं वाटलं असेल त्यांना,' एवढंच ती फाटकाशी म्हणाली. पुन्हा तशी चूक मी कधी केली नाही.

हे मी तुमच्यासाठी लिहितेय आणि माझ्यासारख्या निघून आलेल्यांसाठीही. या साथीच्या दोन वर्षांत आजारपणाने माझं काही वाकडं केलं नाही, पण या एका सवयीने मला असं लोळवलं की कुणाला तरी सांगितल्याशिवाय चैन पडत नाही. राग आहे, आणि तो कुणावर काढावा हे ठरवता ठरवताच निम्मा वेळ गेला.

आम्ही आलो ते थेट कालगुर्लीला. पर्थहून सहा-सात तास गाडी हाकली की लागतं. लाल माती, प्रचंड रुंद रस्ते, गावाला खेटून उघडी खाण. सुरुंग उडाला की कपाटातल्या बशा वाजतात आणि कुणी मान वर करून बघत नाही. नेल्सन खाणीत इंजिनिअर. मी वसईत शाळेत विज्ञान शिकवायचे. इथे शिकवायचं तर पुन्हा कोर्स, पुन्हा परीक्षा, पर्थच्या फेऱ्या, आणि मुलगी लहान. आज करू उद्या करू म्हणता म्हणता नऊ वर्षं गेली आणि मी 'नेल्सनची वाइफ' होऊन बसले. मला वाईट वाटायचं हे सरळच सांगते. नेल्सन चांगला माणूस आहे, पण मी वर्गात शिरले की चाळीस पोरं उभी राहायची, ते मला आठवायचं.

पहिल्याच वर्षी एका शेजाऱ्याने बार्बेक्यूला बोलावलं. ताटात एक सॉसेज आणि पावाचा तुकडा होता. तो संपल्यावर यजमानीण चिमटा हातात घेऊन आली आणि आणखी देऊ का म्हणाली. मी म्हटलं, 'नो नो, थँक यू.' ती गोड हसली, 'नो वरीज' म्हणाली आणि चिमटा घेऊन पुढे गेली. मी तिच्याकडे बघत राहिले. ती काही परत आली नाही. त्या दिवशी घरी येऊन मी भाताबरोबर सुके बोंबील भाजून खाल्ले आणि नेल्सन हसून हसून लाल झाला. त्याने खाणीत पहिल्या आठवड्यातच धडा घेतला होता. इथे नो म्हणजे नो, असं तो म्हणायचा. मला ते कळायचं, पण माझ्या जिभेला कळायचं नाही.

मग तो मार्च उजाडला. देशाने दारं लावली, त्याच्या आत आमच्या राज्याने स्वतःची दारं लावली. काही आठवडे सगळं बंद राहिलं आणि नंतर आमच्याकडे काहीच राहिलं नाही. आजारी कुणी नाही, मास्क नाही, पब भरलेले. बाहेर जायला परवानगी, परत यायला परवानगी, आणि ती मिळेल याची खात्री नाही. गावातले लोक म्हणायचे आपण किती लकी आहोत. मी मान डोलवायची. फोनवर वसईच्या बातम्या यायच्या, चर्चच्या दफनभूमीत रोज कोण ते कळायचं, आणि मी इथे मुलीला नेटबॉलला सोडायला चाललेली असायची. लकी हा शब्द त्या काळात इतक्यांदा ऐकला की मला त्याचा वीट आला.

लुपे मला रविवारच्या मिस्सामध्ये भेटली होती. मेक्सिकोतल्या पुएब्लाची. पन्नाशीची, ठेंगणी, कमरेला कायम एक ओला टॉवेल खोचलेला. नवरा खाणीतल्या नोकरीसाठी तिला घेऊन आला, पुढे तो सोडून गेला आणि ती राहिली. बंद पडलेल्या एका टायरच्या दुकानामागच्या आवारात तिची टाको विकायची जागा होती. जागा म्हणजे काय, एका बाजूला पत्र्याची शेड, मधोमध एक गम ट्री, म्हणजे निलगिरीचं झाड, त्याला दिव्यांची माळ, खाली प्लास्टिकची स्टुलं आणि जुन्या केबलच्या लाकडी रिळांची टेबलं. गुरुवार ते रविवार, संध्याकाळी पाच ते नऊ. उभ्या सळईवर मसाला लावलेल्या डुकराच्या मांसाच्या चकत्या रचलेल्या, वर एक सोललेला अननस. सळई निखाऱ्यापुढे फिरत राहायची आणि लुपे मोठ्या सुरीने मांस तासून छोट्या मक्याच्या पोळीवर घ्यायची, सुरीच्या टोकाने अननसाची फोड उडवून त्याच पोळीवर झेलायची. वर कांदा, कोथिंबीर, लिंबू. खाणीतले लोक नारिंगी शर्टातच रांगेत उभे राहायचे. मक्याच्या पोळीला ती तोर्तिया म्हणायची, पण माझ्या दृष्टीने ती एक लहान भाकरी होती.

भाकरीमुळेच मी तिथे शिरले. लुपेकडे काम करायला फिरस्ती पोरं यायची, युरोपातून आलेले बॅकपॅकर्स. सीमा बंद झाल्यावर ती आटली. एका रविवारी चर्चबाहेर ती रडकुंडीला आली होती, गिऱ्हाईक दुप्पट आणि हात दोन. त्या दुपारी मी नुसती मदत म्हणून गेले. तिने मला लोखंडी दाबयंत्र दाखवलं, दोन प्लास्टिकच्या कागदांत गोळी ठेवायची आणि दाबायचं. मी सवयीने गोळी तळहातावर घेतली आणि थापायला लागले. भाकरी मोठी झाली, ती म्हणाली छोटी कर. मी वरून पाण्याचा हात फिरवला, तिने माझं मनगट धरलं. पण तव्यावर ती भाकरी टम्म फुगली आणि लुपे म्हणाली की तिच्या गावात जिची पोळी फुगते तिचं लग्न करायला हरकत नसते. माझी आई हेच म्हणायची. मी पुढच्या गुरुवारी पुन्हा गेले, आणि मग जातच राहिले.

त्या हिवाळ्यात पूर्वेकडून येणारे ट्रक रखडले आणि तयार पीठ संपलं. लुपेने सुका मका मागवला आणि मोठ्या पातेल्यात खाण्याच्या चुन्याच्या पाण्यात उकळला. चुना बघून मला आजोबांची पानाची डबी आठवली. रात्रभर भिजलेला मका सकाळी चोळून चोळून धुवायचा, सालं पाण्यावर तरंगायची, बोटांना चुना चावायचा. चुन्याने साल का सुटतं, पीठ का चिकटतं, हे मी तिला विज्ञानाच्या बाईसारखं समजावून सांगितलं. तिने सगळं ऐकून घेतलं आणि दुसऱ्या दिवशी मका माझ्यावर सोपवून टाकला. चुना किती, आच किती, किती वेळ, हे मी वहीत लिहून दर खेपेला थोडं बदलून बघायची. नऊ वर्षांत पहिल्यांदा एखादी गोष्ट माझ्यावाचून अडत होती. गिऱ्हाइकं विचारायची, आज पोळ्या कोणी केल्या? लुपे सुरीच्या टोकाने मला दाखवायची.

मला ती जागा हवीशी वाटायला लागली. कधीपासून ते सांगता येणार नाही. मका धुताना मनात विचार यायचे, शेड थोडी पुढे ओढली तर पावसात बसता येईल, शुक्रवारी कोळंबीचा टाको केला तर, आपल्या वसईच्या मसाल्यातली. हे मी कुणाला बोलले नाही. दुसऱ्याच्या चुलीवर डोळा ठेवणं बरं नव्हे.

मग भारतातली ती दुसरी लाट आली. इकडे सरकारने जाहीर केलं की भारतातून कुणी आलंच तर दंड आणि तुरुंग. स्वतःच्या नागरिकांना. आमच्याकडे त्यांचेच पासपोर्ट होते. त्याच आठवड्यात आई मोरीत घसरली आणि उजवं मनगट मोडलं. वडील नाहीत, मी एकुलती एक. फिलूमावशी डबा दारात ठेवून लांबूनच हाक मारायची. आई डाव्या हाताने जेवत होती. मी फोनवर विचारलं, 'आई, मी येऊ का? अर्ज करून बघते.' आई म्हणाली, 'नको, नको. कशाला? मला काय धाड भरलीय? तू पोरीकडे बघ.' मी म्हटलं, बरं. फोन ठेवला आणि नेल्सनला म्हटलं, आई नको म्हणतेय. तो म्हणाला, मग ठीक आहे. मी मका धुवायला गेले. पुढे दर रविवारी फोन केला, हात कसा आहे विचारलं. यायचं विचारलं नाही.

ऑगस्टमधल्या एका दुपारी लुपे माझ्यासमोर उलट्या बादलीवर बसली. माझे हात कोपरापर्यंत मक्यात. ती म्हणाली की तिची आई नव्वदीची झालीय, देश उघडला की ती कायमची पुएब्लाला चाललीय. आणि मग म्हणाली, 'तू घे ही जागा. सळई, तवा, यंत्र, सगळं. तुला जमेल.'

मी खाली मक्यात बघितलं. आणि माझं तोंड म्हणालं, 'नो नो, लुपे. मी कुठली? मी मेक्सिकन नाही, मला धंद्याचं काही कळत नाही. तुला माझ्यापेक्षा चांगलं कुणीतरी मिळेल.'

लुपेने कमरेच्या टॉवेलला हात पुसले. मग गुडघ्यावर हात टेकून उठली आणि म्हणाली, 'ओके. नो वरीज.'

मी मका धूत राहिले. मला वाटलं, आता कोथिंबीर निवडून झाली की विचारेल. संध्याकाळी वाटलं, गिऱ्हाईक ओसरलं की विचारेल. दोन दिवस गेले. मी सळई घासून लख्ख केली, शेडमधलं भंगार आवरलं, तिला ऐकू जाईल अशा आवाजात म्हटलं की इथे एक फळी मारली तर किती सोयीचं होईल. एखाद्या घरची सून ठरवताना मुलीने अंगण झाडून दाखवावं तसं माझं चाललं होतं. लुपे म्हणायची, हो, चांगली कल्पना आहे. आणि कांदा चिरायची.

नेल्सनला सांगितलं तेव्हा तो ताटावरून उठलाच. म्हणाला, तुला हवी होती ना जागा? मी म्हटलं, हवी आहे. 'मग नको का म्हणालीस?' पहिल्यांदा विचारल्यावर हो कसं म्हणणार, असं मी म्हटलं. त्याने कपाळावर हात मारला. उद्या जा आणि सांग तिला, असं तो म्हणाला. पण मी तोंडाने मागू? आपणहून? इतकी माझी किंमत असेल तर ती दुसऱ्यांदा विचारेल, हे माझ्या डोक्यातून जाईना. आमची अ‍ॅना बारा वर्षांची, मराठी समजते पण उत्तर इंग्रजीत. ती म्हणाली, 'मम, जस्ट टेल हर यू वॉन्ट इट.' मी तिला म्हटलं, तू जेव. ती जेवली.

तिसऱ्या आठवड्यात टॅश वही घेऊन आली. टॅश म्हणजे काउंटरवर ऑर्डरी घेणारी मुलगी, पंचविशीची, इथलीच, कामाला चोख. लुपेने तिला विचारलं होतं आणि ती तिथल्या तिथे 'येह, कीन' म्हणाली होती, म्हणजे हो, हवीय. इतकंच. दोन शब्द. जागेच्या मालकाशी बोलणं झालं, कौन्सिलचे कागद झाले. लुपे मला म्हणाली, टॅशला मका कसा करायचा तेवढं शिकव, तुझ्यासारखं कुणाला जमत नाही.

मी शिकवलं. माझी वहीच तिच्यापुढे ठेवली. चुना किती, आच किती. टॅश चांगली मुलगी आहे, तिने माझं काही घोडं मारलं नव्हतं, पण ती मका चोळत होती आणि मला तिच्या हातातून पातेलं हिसकावून घ्यावंसं वाटत होतं. घरी येऊन मी नेल्सनवर चिडले, अ‍ॅनावर चिडले, या देशावर चिडले. काय माणसं ही, एकदा विचारतात आणि पाठ फिरवतात. इतकं काय घाईचं असतं? माणूस संकोचाने नाही म्हणतो एवढं समजत नाही? हात दाखवून अवलक्षण मीच करून घेतलं होतं, हे कळत असूनही मी दोन महिने दुसऱ्यांनाच शिव्या घातल्या.

लुपेच्या शेवटच्या रविवारी, गिऱ्हाईक यायच्या आधी, आम्ही दोघी गम ट्रीखाली स्टुलं मांडत होतो. मला राहवलं नाही. मी म्हटलं, 'मला ती जागा हवी होती.'

ती थांबली. म्हणाली, तू नाही म्हणालीस. मी म्हटलं, आमच्यात पहिल्यांदा नाहीच म्हणतात. तू पुन्हा विचारशील म्हणून मी वाट बघत होते.

लुपेने स्टूल खाली ठेवलं आणि त्यावर बसली. मला वाटलं हसेल, पण तिचा चेहरा उतरला. ती म्हणाली की पुएब्लातही हेच. तिच्या आईने मला पाच वेळा विचारलं असतं, हात धरून शेडमध्ये ओढत नेलं असतं. 'पण तुझ्याशी मी इंग्रजीत बोलते,' ती म्हणाली. 'बावीस वर्षं झाली. इंग्रजीत नो ऐकलं की माझा विषय संपतो.' टॅशला शब्द देऊन झाला होता, तो मोडता येत नव्हता, आणि मोड असं मीही म्हणाले नसते. मग काहीतरी बोलायचं म्हणून मी विचारलं, आई खूश झाली असेल, तू येतेस म्हणून.

'छे,' लुपे म्हणाली. 'ती तर दर रविवारी फोनवर सांगते, येऊ नकोस, कशाला येतेस, मी बरी आहे. म्हणून तर चालले.'

एवढं बोलून ती उठून सळईवर मांस रचायला गेली. मी स्टूल हातात धरून तशीच उभी राहिले.

त्या संध्याकाळी मी किती पोळ्या केल्या आठवत नाही. नुसतं आईचं 'नको, नको' ऐकू येत होतं. एप्रिलमधलं. ते नको मला नीट माहीत होतं. त्यातला सूर, मधला दम, सगळं मी जन्मभर ऐकलंय. गाडीपाशी उभी राहून ज्या आवाजात ती नको म्हणायची तोच तो आवाज होता. मी आईशी मराठीत बोलले आणि तिचं उत्तर इंग्रजीत ऐकलं. आणि मुद्दामच ऐकलं, हेही आता कबूल करते. अर्ज, परवानग्या, परत येता येईल की नाही याची धास्ती, अ‍ॅनाची शाळा, आणि हो, तो मका. तिने नको म्हटलं आणि मी सुटले. दोन महिने मी गावभर ज्यांना कोरडी म्हणत होते त्यांनी मला फक्त एक जागा एकदाच विचारली होती. मी माझ्या आईला एकदाच विचारलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी फोन लावला. तिकडे नुकतं उजाडलं होतं. हात कसा आहे म्हणून विचारलं नाही. सरळ म्हटलं, 'आई, मी येते.'

'नको गं बाई. आता हात बरा झालाय.'

मी म्हटलं, तरी येते. ती म्हणाली, एवढ्या लांबून, या दिवसांत, आणि परत नाही जाऊ दिलं तर? पोरीचं काय, नेल्सनचं काय? मी म्हटलं, ते बघतील. येऊ ना?

तिकडून भांडं खाली ठेवल्याचा आवाज आला. मग तिने विचारलं की नाताळच्या आधी जमेल का. मी हो म्हटलं. तिने पुन्हा विचारलं, नक्की ना, आणि मग तिचा आवाज बदलला.

'इतके दिवस का नाही आलीस गं?'

मी म्हटलं, 'आई, मी विचारलं होतं. तू नको म्हणालीस.'

'एकदाच विचारलंस,' आई म्हणाली.

ती पुढे लगेच फिलूमावशीच्या कोंबड्यांबद्दल बोलायला लागली आणि मी तोंडावर हात ठेवून ऐकत राहिले.

टॅशला सांगितलं की मी चाललेय, कधी परत येईन माहीत नाही. ती म्हणाली, 'नो वरीज, टेक केअर ऑफ युअर मम.' राहा असं एकदाही म्हणाली नाही. मला थोडं लागलंच. देश आता उघडलाय, पण आमचं राज्य नाही. बाहेर पडता येतं, आत कधी घेतील ते कुणी सांगत नाही. अ‍ॅना दर दोन दिवसांनी विचारते, 'बट हाऊ विल यू गेट बॅक इन?' मी तिला खरं तेच सांगते, की मला माहीत नाही. परवा ती म्हणाली की तिला माझ्याशिवाय काही प्रॉब्लेम नाही, शी विल बी फाइन. मी तिच्याजवळ बसले आणि पुन्हा विचारलं. तिसऱ्यांदा विचारल्यावर ती रडली.

तुम्ही फोनवर विचारता, आता तुझं घर कुठलं गं, इथलं की तिथलं? इतकी वर्षं मी याला काहीतरी गोड उत्तर द्यायची. आता एवढंच वाटतं की ज्या घरात माझ्या नकोवर कुणी विश्वास ठेवत नाही ते माझं घर. तसं घर आईने मला दिलं आणि ती एकटी, मोडक्या हाताची असताना मी तिचं नको खरं धरलं, तिला तिच्याच घरात परकी करून टाकलं. याचा राग लुपेवर काढता येत नाही आणि सरकारवर काढून पुरत नाही. तिकीट काढलंय. एकाच बाजूचं आहे, कारण परतीचं अजून मिळत नाही.